सहामाहीचा निकाल

शुक्रवारपर्यंत सात फॉर्म भरायचेत. मिड-इयर रिव्ह्यू! तुमच्याही ऑफिसात सध्या हाच उद्योग चालू असणार. आपण स्वतःच्या फॉर्मवर 'अपेक्षेपेक्षा सरस' या चौकोनात बिनधास्त टिक करायची आणि बॉसने ती हळूच एक घर खाली सरकवायची, हा तर आपला खरा राष्ट्रीय खेळ! यंदा मात्र सरकवणाऱ्यांत अस्मादिक आहेत. सातपैकी सहा फॉर्म चहा पिता पिता उरकले. सातवा चार दिवस तसाच उघडा आहे. पोरगा हुशार, वागायला गोड, पण पहिले तीन महिने त्याने जे हात लावलं ते मोडलं. टीममध्ये ठेवायचा की सोडून द्यायचा? फॉर्मला 'हो' किंवा 'नाही' एवढंच कळतं.

म्हणून असेल, पण मला सारखं २०१९च्या जुलैतलं एक लंच आठवतंय. इतका प्रामाणिक मिड-इयर रिव्ह्यू मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मंडळी ऑफिसचीच होती, पण रिव्ह्यू चालला होता एका बेसबॉल टीमचा.

झालं असं, की त्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर मी ऑनसाइट होतो. व्हर्जिनियात, वॉशिंग्टनच्या कुशीत. बरोबर नागपूरचा एक रूममेट, क्रिकेटचा किडा. बेसबॉलबद्दल आम्हा दोघांचं ज्ञान हॉलिवूडच्या सिनेमांपुरतं. पण क्लायंटकडच्या लंच टेबलावर दुसरा विषयच नसायचा. एक होते डेटाबेसवाले गृहस्थ, अठ्ठावन्न वर्षांचे. आम्ही दोघं आपसात त्यांना 'काका' म्हणायचो. काका दहा वर्षांचे असताना, १९७१मध्ये, वॉशिंग्टनची टीम गाव सोडून टेक्सासला गेली. टीम गाव सोडते म्हणजे काय, हे कळायलाच मला आठवडा लागला. नवी टीम आली थेट २००५मध्ये, माँट्रियलहून. मधली तेहतीस वर्षं काका बाल्टिमोरच्या टीमवर भागवत होते. ते सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की जणू शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मॅच बघून दिवस काढलेत. दुसऱ्या होत्या टेस्टिंगच्या मॅडम. टिशू पेपरवर आकडेमोड केल्याशिवाय यांना जेवण पचत नसे.

तर यांची टीम वॉशिंग्टन नॅशनल्स. मोसम १६२ मॅचेसचा, जवळजवळ रोज एक. २३ मेला न्यूयॉर्कमध्ये मेट्सने त्यांना ओळीने चौथ्यांदा हरवलं तेव्हा पन्नास मॅच झाल्या होत्या. १९ जिंकलेल्या, ३१ हरलेल्या. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझला हाकला म्हणून लोक ओरडत होते. ब्राइस हार्परसारखा हिरो त्याच मार्चमध्ये तेरा वर्षांसाठी ३३ कोटी डॉलरवर फिलाडेल्फियाला निघून गेलेला. रूममेटने एका वाक्यात निकाल लावला, "भाऊ, पॅक अप!"

आणि मग काय झालं देव जाणे. पुढच्या ३९ मॅचेसपैकी २८ जिंकल्या! जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ऑल-स्टार मॅचसाठी सगळी लीग चार दिवस थांबते, तेव्हा बोर्डावर होतं ४७-४२. आपल्या गटात दुसरे, अटलांटाच्या सहा मॅच मागे. ना धड पास, ना धड नापास. त्या सुट्टीतलं ते लंच.

पहिला पेपर बॅटिंगचा. यात भांडण नव्हतं. तिसऱ्या बेसवरचा अँथनी रेंडोन चेहऱ्यावरची रेषही न हलवता धुलाई करत होता. (मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर १२६ आरबीआय होते, म्हणजे त्याच्या बॅटमुळे टीमला मिळालेले रन्स.) हुआन सोतो वीस वर्षांचा. वीस! त्या वयात मी केटीचे फॉर्म भरत होतो. मे महिन्यातल्या पडझडीला मॅडमकडे साधं कारण होतं: निम्मी बॅटिंग दवाखान्यात होती. ट्रे टर्नर हा सुसाट पळणारा पोरगा एप्रिलच्या सुरुवातीला बंट मारायला गेला, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून बॉल ढकलायला गेला, आणि बोट मोडून बसला. तो परत आला १७ मेला. मधे रेंडोन बाहेर, सोतोची पाठ धरलेली. "माणसं परत आली, रन्स परत आले, यात चमत्कार कसला?" इति मॅडम.

काकांना चमत्कार हवा होता. त्यांनी हेरार्डो पाराचं नाव काढलं. हा बत्तीस वर्षांचा भिडू. मेमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्याला सरळ नारळ दिला, नॅशनल्सनी उचलला. जूनमध्ये त्याच्या बॅटला बॉलच लागेना. बॅटिंगला येताना प्रत्येकाचं आपलं एक गाणं वाजतं तिकडे. पाराने १९ जूनला ते बदलून 'बेबी शार्क' लावलं, कारण त्याची दोन वर्षांची मुलगी घरी तेच ऐकते! पुढे पुढे चाळीस हजार मोठी माणसं हाताचे जबडे करून टाळ्या वाजवायला लागली. मॅडमच्या टिशूवर या गोष्टीला रकाना नव्हता.

दुसरा पेपर पिचिंगचा. इथे खरी गंमत आणि खरी भीती. बेसबॉलमध्ये पाच 'स्टार्टर' असतात. आज एक, उद्या दुसरा. शंभरेक बॉल टाकले की बिचाऱ्याला चार दिवस विश्रांती. नॅशनल्सचे पहिले तीन म्हणजे अक्षरशः सोनं. मॅक्स शर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग आणि १४ कोटी डॉलर मोजून आणलेला पॅट्रिक कॉर्बिन. चौथा अनिबाल सांचेझ, पस्तिशीतला, संथ बॉल टाकून भल्याभल्यांना मामा बनवणारा.

शर्झर आम्ही प्रत्यक्ष पाहिला. काकांनीच तिकिटं काढली होती, १९ जूनच्या रात्रीची. ग्रीन लाइन पकडून नेव्ही यार्डला उतरलो. मी हाफ-स्मोक नावाचं तिथलं जाडजूड सॉसेज हाणलं, रूममेटने शाकाहारी म्हणून तीन वेळा फ्राइज. आदल्या दिवशी सरावात बंट मारताना (पुन्हा बंट!) बॉल तोंडावर येऊन शर्झरचं नाक मोडलेलं. आम्हाला वाटलं, आज कुणीतरी बदली येणार. छे! साहेब आले. त्याचा एक डोळा निळा, एक तपकिरी, आणि त्या रात्री त्याखाली काळंनिळं वर्तुळ. सात इनिंग्ज टाकल्या, दहा जणांना स्ट्राइकआऊट केलं, एकही रन दिला नाही. फिलाडेल्फिया गपगार. रूममेट उभा राहून शिट्ट्या मारत होता.

आठव्या इनिंगला शर्झर थांबला आणि काकांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मला वाटलं, झोपले. ते म्हणाले, "आता बुलपेन येणार. संपलं की सांगा."

बुलपेन म्हणजे स्टार्टर दमल्यावर येणारी फौज. आपल्याकडचे डेथ ओव्हर्सवाले म्हणा ना. ती मॅच वाचली, २-० अशी. पण काकांची भीती उगाच नव्हती. मोसमाच्या सुरुवातीला ट्रेव्हर रोझेन्थाल नावाचा पिचर होता. पिचरचा हिशेब असा, की दर नऊ इनिंग्जमागे त्याने किती रन दिले. चारच्या आत असेल तर बरा. रोझेन्थालने पहिल्या चार मॅचेसमध्ये रन्स दिले, पण माणूस एकही आऊट केला नाही. म्हणजे भागाकारात खाली शून्य! त्याची सरासरी आली चक्क अनंत. आडवं आठ! इंजिनीअरिंगनंतर ते चिन्ह मला थेट तिथे भेटलं. २३ जूनला त्याला निरोप मिळाला, पण बाकीचे फार वेगळे नव्हते. वर्षअखेरीला अख्ख्या बुलपेनची सरासरी साडेपाचच्या वर निघाली. शॉन डूलिटल सोडला तर कुणाच्या हातात बॉल द्यावा, हा रोजचा प्रश्न.

आता मुख्य सवाल. प्लेऑफ? गटातला पहिला नंबर अवघड दिसत होता. दुसरा रस्ता 'वाइल्ड कार्ड'. त्या काळच्या नियमाने लीगमधले उरलेले दोन संघ एकच मॅच खेळायचे, हरलात की घरी. आणि ३१ जुलै ही खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख. रेंडोनचा करार त्याच वर्षी संपत होता. मॅडमचं म्हणणं स्वच्छ होतं. "बुलपेन हे असलं. नोव्हेंबरात रेंडोन तसाही फुकट जाणार. आत्ता विका, चार तरणी पोरं घ्या, पुढचं बघा."

काका एरवी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. म्हणाले, "पुढचं बघा म्हणूनच तर २०१२ घालवलं!"

ती कथा मी आधी ऐकली नव्हती. २०१२मध्ये ही टीम गटात पहिली आली होती. स्ट्रासबर्ग तेव्हा चोवीसचा, कोपराच्या ऑपरेशनमधून उठलेला, भन्नाट फॉर्मात. मॅनेजमेंटने सप्टेंबरमध्ये त्याला बसवला. हात जपायचा, अजून खूप वर्षं आहेत, दर वर्षी प्लेऑफ खेळू. त्याच्याविना खेळले. पाचव्या आणि शेवटच्या मॅचमध्ये सेंट लुइसविरुद्ध ६-० पुढे होते. नवव्या इनिंगमध्ये ७-५. जिंकायला एक स्ट्राइक हवा होता, एक! बुलपेनने ती मॅच ९-७ अशी घालवली. काका स्टेडियममध्ये होते. त्यानंतर २०१४, २०१६, २०१७, प्रत्येक वेळी पहिल्याच फेरीत बाहेर. "ती जपून ठेवलेली वर्षं कुठे गेली?" काकांनी विचारलं. टेबलावर कुणी बोललं नाही. रूममेट नेहमीसारखा "कॅप्टन बदला" म्हणायला तोंड उघडत होता, त्यालाही मी खालून लाथ मारली.

मॅडम बराच वेळ टिशूवर काहीतरी काढत बसल्या. मग म्हणाल्या, "बुलपेन सुधारणार नाही. ते सोडा. पण समजा, ऑक्टोबर गाठला. तिथे मधे मधे सुट्टीचे दिवस असतात. पाच स्टार्टर लागत नाहीत, चार पुरतात. म्हणजे ज्या दिवशी शर्झर टाकतो, त्या दिवशी सातव्या इनिंगला स्ट्रासबर्ग आणता येईल." थोडं थांबून म्हणाल्या, "१६२ मॅचेसमध्ये भोक लपवता येत नाही. वीस मॅचेसमध्ये कदाचित येईल." तरी त्यांचं मत रेंडोनला विकावं असंच राहिलं. मी आणि रूममेट काकांच्या बाजूने. मतदान ३-१. अर्थात आम्हाला विचारतो कोण!

मालकांनीही विकला नाही. ३१ जुलैला उलट तीन बुलपेनवाले आणले. त्यातल्या एकाचा स्नायू दोनच दिवसांत पहिल्या बेसकडे धावताना दुखावला, हे या टीमच्या स्वभावाला धरूनच झालं. पण दुसरा, डॅनियल हडसन, कामाचा निघाला.

सप्टेंबरअखेर मी पुण्यात. टीमचा हिशेब ९३-६९, वाइल्ड कार्डची ती एकुलती एक मॅच. मिलवॉकीविरुद्ध शर्झरने पाच इनिंग्ज टाकल्या आणि सहाव्या इनिंगला कोण आला? स्ट्रासबर्ग! व्यावसायिक करिअरमध्ये तोवर मोसमी मॅचला कधी मधूनच न आलेला माणूस. मी पहाटे एकटाच ओरडलो, आई उठून आली. आठव्या इनिंगला १-३ मागे असताना सोतोने मारलेला बॉल फील्डरच्या हातून निसटला, तीन रन, ४-३. पुढे १०६ मॅच जिंकलेल्या डॉजर्सविरुद्ध दोन मॅचेसनंतर एकास एक, मग मागे, मग बरोबरी, आणि पाचव्या मॅचच्या दहाव्या इनिंगला छत्तीस वर्षांच्या हॉवी केंड्रिकचा चार रनांचा होम रन. सेंट लुइसला तर ४-० धुतलं. २०१२चा हिशेब चुकता!

कॉर्बिनचं मात्र सांगायलाच हवं. डॉजर्सविरुद्धच्या तिसऱ्या मॅचला त्यालाही मधूनच आणलं, मॅडमच्या टिशूप्रमाणेच. एक इनिंगही पुरी झाली नाही, सहा रन दिले. युक्ती फसली. मी मॅडमना मेसेज केला, त्यांचं उत्तर आलं, "एका मॅचवरून काही ठरत नाही." आकडेवाल्या बाईचा हा धीर!

वर्ल्ड सिरीज ह्यूस्टनविरुद्ध, ऐन दिवाळीत. पहिल्या दोन जिंकलेल्या. मग घरच्या मैदानावर तीन मॅच, आपल्याकडे २६, २७, २८ ऑक्टोबरच्या पहाटा. अभ्यंगस्नान, उटणं, आणि लॅपटॉपवर हार. तीन मॅचेसमध्ये मिळून नॅशनल्सचे रन तीन! पाडव्याच्या पहाटे तर शर्झरची मानच धरलेली, खेळलाच नाही. सहावी मॅच स्ट्रासबर्गने नवव्या इनिंगपर्यंत खेचली, बुलपेनला जेमतेम दोन माणसं बाद करायची ठेवली. सातवी ३१ ऑक्टोबरला आपल्या पहाटे साडेपाचच्या पुढे. शर्झर परत आला. धड टाकता येत नव्हतं, पाच इनिंग्ज ओढून काढल्या. ०-२ मागे. सहाव्या इनिंगला बुलपेनमधून धावत आला तो कॉर्बिन. तोच, सहा रनवाला. त्याने तीन इनिंग्ज टाकल्या, रन शून्य. रेंडोनचा होम रन, केंड्रिकचा फाउल पोलवर आपटलेला होम रन, शेवटी हडसन. ६-२. १९२४नंतर वॉशिंग्टनची पहिली वर्ल्ड सिरीज! मी उरलेल्या चिवड्याचा डबा हातात धरून हॉलमध्ये नाचलो आणि ऑफिसला साडेअकराला पोचलो. काकांचा फोन आला तो नुसता रडण्याचा आवाज होता. रूममेटने तोपर्यंत फेसबुकवर "आपण जिंकलो" टाकलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग ठरलं की, कुणाला सोडायचं नाही. थांबा. त्याच डिसेंबरात स्ट्रासबर्गने सात वर्षांसाठी साडेचोवीस कोटी डॉलरचा करार केला, आणि त्यानंतर जेमतेम आठ मॅच टाकू शकला. हात गेला. रेंडोन तेवढ्याच रकमेवर कॅलिफोर्नियाला. २०२१च्या जुलैमध्ये टीमने शर्झर आणि टर्नरला विकलं, २०२२मध्ये सोतोलाही. २०२० ते २०२५ या सहा मोसमांत जिंकलेल्या मॅचेस हरलेल्यांपेक्षा एकदाही जास्त झाल्या नाहीत. आणि तो अनंत सरासरीवाला रोझेन्थाल? २०२०मध्ये कॅन्सस सिटी आणि सॅन डिएगोकडून त्याने दोनच्या आत सरासरी ठेवली. म्हणजे पाराला सोडणारे चुकले, आणि रोझेन्थालला सोडणारे बहुधा बरोबरच होते, तरी तो वाईट नव्हता. सांगा, हे फॉर्मच्या कुठल्या चौकोनात बसवू?

६ जुलै २०२५ला, पुन्हा मोसमाच्या मध्यावर, मार्टिनेझ आणि जनरल मॅनेजर माइक रिझो या दोघांनाही एकाच दिवशी हाकललं. काकांचा मेसेज आला. ते रिटायर झालेत, पण मॅच सोडत नाहीत. त्यात बातमीची लिंक आणि खाली एक ओळ: "मॅडमना विचार, टिशू पेपर आणायचे का?"

परवा रूममेटला, आता तो नागपुरात असतो, फोनवर सातव्या फॉर्मची कथा सांगितली. सगळं ऐकून म्हणाला, "भाऊ, त्या पोराला तू कुठं खेळवून राह्यला? शेवटच्या ओव्हरला?" मी जरा विचार केला. खरंय. आल्या दिवसापासून तो रिलीजच्या आदल्या रात्रीच्या फिक्सेसवर आहे. म्हणजे बुलपेनमध्येच! दिवसाढवळ्या, नव्या कामावर, सुरुवातीपासून त्याला मी कधी बॉल दिलेलाच नाही.

काल कॉफी मशीनपाशी तोच भेटला. चाचरत म्हणाला, "दादा, माझा फॉर्म झाला का?"

म्हटलं, "नाही रे, अजून ऑल-स्टार ब्रेक चालू आहे."

तो कप तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.